सायगॉन: गाडीची वाट बघा, पण भिंतीला टेकून

व्हिएतनाममधल्या सायगॉनला, म्हणजे आताच्या हो ची मिन्ह सिटीला, आईबरोबर निघण्याआधी सगळ्यांनी बजावलं होतं, फोन सांभाळ. मी मान डोलावली आणि तिसऱ्याच संध्याकाळी तो घालवला.

हॉटेलसमोर फूटपाथच्या अगदी कडेला उभा होतो. ग्रॅब, म्हणजे तिथली ॲपवरची टॅक्सी, मागवली होती आणि ॲपमधला गाडीचा नंबर बघत होतो. मागून स्कूटर आली, मागच्या सीटवरच्याने हात लांबवला आणि फोन गेला. मी ओरडेपर्यंत ती स्कूटर बाकीच्या शेकडो स्कूटर्समध्ये दिसेनाशी झाली. शेजारी बान्ह मीच्या, म्हणजे तिथल्या सँडविचच्या, गाडीवरची बाई पाव चिरत होती. तिने सुरी न थांबवता हनुवटीने मागची भिंत दाखवली. तिथे उभं राहायचं असतं, हे मला तेव्हा कळलं.

तर पहिली गोष्ट तीच. गाडी मागवायची, नकाशा बघायचा, तर हॉटेलच्या किंवा दुकानाच्या आत. पर्स आडवी, रस्त्याच्या विरुद्ध बाजूला. कुणी ओढलीच तर सोडून द्या, पट्ट्याबरोबर माणूसही फरफटतो.

फोनपेक्षा आतल्या सिमची भीती जास्त, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. रिसेप्शनवरच्या मुलाच्या फोनवरून नाशिकला भावाला गाठलं, सिम बंद करायला लावलं, मग पोलीस चौकी. भावाचा नंबर पाठ होता म्हणून निभावलं. दोन नंबर आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवाच. पोलीस ११३, रुग्णवाहिका ११५. पत्त्यांचाही एक घोळ आहे: जुलै २०२५ पासून शहराचे डिस्ट्रिक्ट, म्हणजे विभाग, कागदावरून गेले, पण बोलताना सगळे अजून डिस्ट्रिक्ट वनच म्हणतात.

रस्ता ओलांडणं हे वेगळंच प्रकरण. आपण मुंबई-पुण्याचे, आपल्याला काय शिकवता, असं वाटतं. पण तिथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे आपली मान सवयीने चुकीच्या बाजूला वळते. आईला म्हटलं, "हात वर कर आणि एका चालीने चालत राहा, मध्येच थांबू नकोस." स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने जातात, दचकून मागे फिरलात की अंदाज चुकतो. बस आणि ट्रक मात्र वळत नाहीत, त्यांना जाऊ द्यायचं. आई दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे चालत होती.

नोटा उजेडातच मोजा. डोंग हे तिथलं चलन, त्यात २०,००० आणि ५,००,००० च्या दोन्ही नोटा निळसर. पहिली साधारण ६५ रुपयांची, दुसरी सोळाशेच्या वरची. आम्ही मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवल्या. हिशेब सोपा: शेवटची तीन शून्यं सोडायची आणि उरलेल्याला तीनने गुणून थोडं वर धरायचं. विमानतळाबाहेर "टॅक्सी, टॅक्सी" करत मागे लागणाऱ्यांकडे बघूही नका. ॲप, नाहीतर विनासन किंवा माय लिन्हची मीटरवाली गाडी.

खांद्यावर कावड घेतलेला नारळवाला हसून ती कावड तुमच्या खांद्यावर ठेवतो, फोटो काढा म्हणतो. नारळ त्याने तोवर फोडलेला असतो. भाव मग तो सांगेल तो.

तरुण मंडळींना स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह होतो. दुकानदार परवाना मागतही नाही. पण आपल्याकडे मिळतो तो आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारातला, आणि व्हिएतनाम मानतं १९६८ च्या करारातला. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं हेच कारण दाखवून हात वर करू शकते. मागे बसून जायचं तर ग्रॅबची बाइक आहे, हेल्मेट तेच देतात. ई-सिगारेट असेल तर घरीच ठेवा, तिथे २०२५ पासून बंदी आहे.

उरलेले चार दिवस आम्ही आईच्या फोनवर काढले. बेन थान्ह बाजारात तिने त्याला गळ्यात अडकवायची दोरी घेतली, सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात, आणि मला तो हातात धरू दिला तो फक्त मेट्रोत बसल्यावर.