दोन वचनांच्या मध्ये

धर्मसेवेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पुण्यात हिब्रू आणि ग्रीक शिकवतो. आज ग्रीकमध्ये वाचले जाणारे मत्तयाचे शुभवर्तमान, म्हणजे नव्या कराराचे पहिले पुस्तक, मुळात हिब्रूत लिहिले गेले असावे काय, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि त्यावरची माझी टिपणे कित्येक वर्षांत फारशी बदलली नव्हती. मी ग्रीकच्या आधी हिब्रू शिकलो. तिच्यावरचे प्रेम माझ्या मतातही उतरले होते, हे मान्य केले पाहिजे. गेल्या डिसेंबरातल्या एका तासानंतर मात्र ती टिपणे मला नव्याने लिहावी लागली.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे प्राचीन साक्षींपासून सुरुवात केली. हिएरापोलिसचा बिशप पपियास याने दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेले एक वाक्य चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियसमुळे टिकून राहिले आहे. मत्तयाने प्रभूची वचने हिब्रू बोलीत एकत्र मांडली आणि ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे त्यांचा अर्थ लावला, असा त्याचा आशय आहे. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक पंतेनस 'इंडिया'त गेला तेव्हा येशूचा प्रेषित बर्थलमय याने मागे ठेवलेले, हिब्रू अक्षरांतले मत्तयाचे शुभवर्तमान त्याला तेथील ख्रिस्ती लोकांकडे आढळल्याची वदंताही युसेबियसच नोंदवतो. हे ऐकताच वसईचे दोघे विद्यार्थी सरसावून बसले, कारण बर्थलमय कल्याणला आला होता ही परंपरा त्यांनी घरी ऐकलेली होती; परंतु त्या काळचे ग्रीक लेखक दक्षिण अरबस्तानालाही 'इंडिया' म्हणत, हे मला त्यांना सांगावे लागले. 'हिब्रू बोली' या शब्दांचेही तसेच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात 'गब्बथा' हा शब्द हिब्रू म्हणून दिला आहे, वस्तुतः तो आरामाईक, म्हणजे येशूच्या काळी तेथे बोलल्या जाणाऱ्या, हिब्रूच्या जवळच्या भाषेतला आहे.

मग मी माझ्या आवडीच्या वचनाकडे, मत्तय १:२१ कडे वळलो. योसेफाला स्वप्नात सांगितले जाते की बाळाचे नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना पापांपासून तारील. मराठी वाचकाला यातले 'कारण' अधांतरी वाटते, कारण येशू आणि तारणे यांच्यात त्याला कोणताही संबंध ऐकू येत नाही. ग्रीकमध्येही 'इएसूस' आणि 'सोसेइ' हे शब्द एकमेकांना ओळखत नाहीत. हिब्रूत मात्र 'येशुआ' आणि 'योशीअ' असे म्हटले की वाक्य जागच्या जागी बसते, आणि आरामाईकमध्ये तारण्यासाठी सहसा वेगळेच धातू वापरले जात असल्याने हा नाद तेथेही लागत नाही. हे वाक्य हिब्रूत जन्मले, असे मी ठामपणे सांगितले.

शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, पूर्वी परिचारिका असलेल्या आणि वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या एक बाई तेव्हा म्हणाल्या, "सर, दोनच वचने पुढे इम्मानुएल हे नाव येते आणि त्याचा अर्थ 'आम्हांबरोबर देव' असा लगेच दिलेला आहे. पुस्तक हिब्रूत असेल, तर हिब्रू वाचणाऱ्याला हा अर्थ सांगण्याची गरज कोणाला वाटली?"

हे वचन मी दर नाताळात वाचत आलो आहे, तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ग्रीकमध्ये भाषांतर करणाऱ्याने अर्थ मागाहून घातला असेल, असे उत्तर मी दिले. बाईंनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग येशू या नावाचा अर्थ त्याने का नाही घातला? गरज तर तिथे जास्त होती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तसे मी वर्गाला सांगितले. पुढचा तासभर आम्ही सर्वांनी मिळून पाठ तपासला. १:२३ मध्ये यशया संदेष्ट्याचे जे वचन उद्धृत आहे त्यात 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, हा शब्द आहे आणि तो हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरातला आहे. मूळ हिब्रूत, मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीतसुद्धा, 'अल्मा' म्हणजे तरुण स्त्री असे आहे. क्रुसावर येशूने केलेल्या 'एली, एली' या आक्रोशालाही २७:४६ मध्ये लगोलग ग्रीक अर्थ जोडलेला आहे. शिवाय मार्कच्या ग्रीक शुभवर्तमानातील बहुतेक मजकूर मत्तयात, पुष्कळदा त्याच शब्दांत, पुन्हा भेटतो. मी ज्यावर विसंबलो होतो तो नावाचा नादही हिब्रू पुस्तकाची गरज सिद्ध करत नाही, कारण अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो ग्रीकमध्येच लिहीत असूनही या नावाचा अर्थ 'प्रभूचे तारण' असा देतो. ग्रीक बोलणाऱ्या यहुदी घरांत तो अर्थ ठाऊक होता, असे यावरून दिसते.

तरीही हिब्रूची बाजू तेवढ्यावर संपली नाही, आणि याचा मला आनंद आहे. २:१५ मध्ये होशेय संदेष्ट्याचे 'मिसर देशातून मी आपल्या पुत्राला बोलावले' हे वचन येते. जुन्या ग्रीक भाषांतरात तेथे 'त्याची मुले' असे आहे, मत्तयात मात्र हिब्रूप्रमाणे 'माझा पुत्र'. म्हणजे ग्रीकमध्ये लिहिणारा हा लेखक, किंवा ज्याच्याकडून त्याने हे वचन घेतले तो, हिब्रू पाठ जाणणारा होता, आणि आज माझे मत येथवर आले आहे. चौदाव्या शतकात स्पेनमधील यहुदी विद्वान शेम टोव याने ख्रिस्ती मतांच्या खंडनासाठी लिहिलेल्या ग्रंथात हिब्रू मत्तय आहे, त्याला मी टिपणांत मूळ पाठाचा अवशेष म्हटले होते. ते वाक्य त्याच संध्याकाळी खोडले.

तास संपता संपता बाईंनी १:२१ हिब्रूत ऐकवाल का, असे विचारले. मी जर्मन पंडित डेलिट्झ्‌चने एकोणिसाव्या शतकात केलेला हिब्रू अनुवाद उघडला आणि ते भाषांतर आहे हे आधी सांगून वाचले. 'येशुआ' आणि 'योशीअ' हे शब्द आले तेव्हा बाईंनी हात वर केला आणि तेवढाच भाग पुन्हा वाचायला सांगितला.