खोली, बिऱ्हाड आणि चूल: आर्किटेक्चरच्या वर्गात समाजशास्त्र

आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत समाजशास्त्राचा पेपर कुठेतरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात येतो, आणि बहुतेक वेळा स्टुडिओपासून तुटलेला असतो. फळ्यावर व्याख्या, वहीत नोट्स, आणि मागच्या बाकांवर डिझाइनची शीट पुरी करणारी मुलं. यात मुलांचा दोष नाही. हातात पेन्सिल घेऊन विचार करायची सवय लागलेल्यांपुढे आपण नुसते शब्द ठेवतो. हा विषय ड्रॉइंगमधूनच शिकवावा आणि संशोधनाचा प्रश्न ड्रॉइंग जिथे उत्तर देईनासं होतं तिथून निघावा, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे याला जुना आधारही आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे प्रमुख पॅट्रिक गेडिस होते, म्हणजे एक नगररचनाकार. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. त्यांच्यानंतर समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आले आणि विभागाची वाट बदलली, पण सुरुवात एकाच छपराखाली झाली होती हे मुलांना पहिल्याच तासाला सांगावं.

उदाहरणाला मुंबईतली बीडीडी चाळ घ्या, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे १९२०च्या दशकात या इमारती उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, इमारतीत ८०. खोली साधारण १६० चौरस फुटांची. नेहमीच्या चाळीसारखी बाहेरची गॅलरी नाही, मधे पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दारं. एका मजल्याचा नकाशा १:१०० ला काढायला लावा. तासाभरात होतो, कारण एक खोली काढली की बाकीच्या १९ नुसत्या कॉपी करायच्या. शीट भिंतीवर लागली की विचारायचं, या मजल्यावर चुली किती?

इथे वर्ग गप्प होतो. जनगणनेत घर वेगळं मोजतात आणि कुटुंब वेगळं. सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचं जेवणारी माणसं, ते कुटुंब. त्यामुळे एका खोलीत दोन चुली असू शकतात, किंवा एका चुलीवर जेवणारी माणसं झोपायला समोरच्या खोलीत जात असतील. गिरण्यांच्या भरात एकेका खोलीत बरेच पुरुष राहत आणि खाणावळीत जेवत. तिथे चूलच नव्हती. मराठीत ‘खोली’ आणि ‘बिऱ्हाड’ हे दोन शब्द आहेत ते उगीच नाहीत. नकाशात खोली दिसते, बिऱ्हाड शोधावं लागतं. हा फरक पटला की ‘विश्लेषणाचं एकक’, म्हणजे आपण नेमकं काय मोजतोय, हा पाठ्यपुस्तकातला रुक्ष मुद्दा वेगळा शिकवावा लागत नाही.

मग नमुना निवड. ८० खोल्यांपैकी १६ घ्यायच्या ठरल्या की मुलं लगेच म्हणतात, दर पाचवी खोली. नीट बघा. मजल्यावर २० खोल्या आहेत आणि २० ला ५ ने पूर्ण भाग जातो. तिसऱ्या खोलीपासून सुरुवात केली तर प्रत्येक मजल्यावर ३, ८, १३ आणि १८ याच जागा येतात, म्हणजे एकावर एक त्याच चार खोल्यांच्या रांगा. कोपऱ्यातल्या, दोन बाजूंनी हवा येणाऱ्या खोल्या एकदाही येत नाहीत. संडासालगतची खोली आली तर चारही मजल्यांवर येते, नाहीतर कुठेच नाही. मग हवा, वास, आवाज यांबद्दलचा निष्कर्ष आकड्यांत बरोबर दिसतो आणि मुळात चुकलेला असतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक मजल्याच्या २० चिठ्ठ्या वेगळ्या करायच्या आणि त्यांतून ४ उचलायच्या. दार बंद असेल तर शेजारच्या खोलीत शिरायचं नाही. तीन वेगळ्या वेळांना परत जायचं, त्यातली एक रात्री आठनंतरची आणि एक रविवारची. दुपारी तीनला भेटतात ते म्हातारी माणसं, लहान मुलं आणि घरी असलेल्या बायका. तेवढ्यांवर ‘रहिवाशांचं मत’ लिहिणं चूक आहे.

गटात चौघं पुरतात, पण मुलगे आणि मुली दोन्ही हवेत. नुसते मुलगे गेले तर बोलणं पॅसेजमध्ये पुरुषांशीच होतं. ओटा, मोरी, पाणी भरण्याच्या वेळा यांतलं काही हाती लागत नाही.

निरीक्षणाची वही हा सगळ्यात कमी शिकवला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. पानावर तीन रकाने आखायचे: दिसलं, ऐकलं, वाटलं. मुलांच्या पहिल्या खेपेच्या वहीत साधारण असं वाक्य असतं: ‘एक आजोबा कंटाळून एकटेच बाकावर बसले होते.’ यात ‘कंटाळून’ आणि ‘एकटेच’ हे दोन्ही शब्द तिसऱ्या रकान्यातले आहेत. पहिल्या रकान्यात यायला हवं ते एवढंच: ‘साधारण सत्तरीचे गृहस्थ, बाकाचं जिन्याकडचं टोक, ५.१० ते ५.५०, तिघं थांबून बोलून गेले.’ आता कळतं की जिन्याने येणारा-जाणारा दिसावा म्हणून कदाचित ते त्या टोकाला बसत असतील. तो अंदाज तिसऱ्या रकान्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी तपासता येतो. वही त्याच दिवशी झोपायच्या आत पुरी करायची. दोन दिवसांनी लिहिलेल्या वहीत वेळा गोल होतात आणि माणसं ‘काही लोक’ होतात.

मुलाखतीत ‘तुम्ही जागेबाबत समाधानी आहात का?’ हा प्रश्न बाद. उत्तर ‘चाललंय’ असं येतं आणि तिथेच संपतं. ‘काल रात्री कोण कुठे झोपलं?’ हे विचारा, आणि विचारताना समोर कागद ठेवा. १६ फूट बाय १० फुटांची खोली १:२० ला ए-४ कागदावर आरामात बसते. त्याच मापाने ६ बाय ३ फुटांच्या गादीचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून न्यायचे, ९ सेंटिमीटर बाय साडेचार. ते घरच्यांच्या हातात द्यायचे. पाच गाद्या मांडल्या की ९० चौरस फूट गेले. कपाट, ओटा, मोरी धरली की दाराशी पाऊल ठेवायला जागा उरत नाही. मग कुणीतरी एक पुठ्ठा उचलून कागदाबाहेर, पॅसेजवर ठेवतं. तासभर प्रश्न विचारूनही जे निघालं नसतं ते त्या एका हालचालीत कळतं, आणि मधला पॅसेज नुसता येण्याजाण्याचा नाही हेही.

पुनर्विकासातल्या वस्तीत एक अडचण हमखास येते. मोजायची टेप आणि वही घेऊन आलेला माणूस पुनर्विकास करणाऱ्या म्हाडाचाच वाटतो, आणि पात्र-अपात्रतेचा प्रश्न डोक्यात असताना ‘घरात किती जण?’ याचं उत्तर जपून दिलं जातं. पात्र ठरल्यावर मिळणाऱ्या ५०० चौरस फुटांच्या नव्या घराचा प्रश्न असताना लोक सावध राहणारच. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र न्यावं, चाळ कमिटीला आधी भेटावं, पण कमिटीचा माणूस दारोदार सोबत घेऊ नये. त्याच्यासमोर पाण्याची तक्रार कुणी करत नाही. परत आल्यावर शीटवर खोली क्रमांक घालायचा नाही. नाव बदललं तरी मजला, कोपरा आणि पोटमाळ्याचा फोटो एकत्र आले की शेजारच्यालाही घर ओळखता येतं. पोटभाडेकरू किंवा दुसरी चूल दाखवणारं ड्रॉइंग बाहेर गेलं तर त्याचा त्रास त्या बिऱ्हाडाला होतो, विद्यार्थ्याला नाही. याबाबतीत मी कुठलीही सवलत देणार नाही.

आकडे मांडताना १६ मुलाखतींवर ‘६२.५ टक्के’ लिहू देऊ नका. ‘१६ पैकी १०’ लिहा आणि उरलेले ६ कोण, ते शोधायला लावा. बहुतेक वेळा खरा विषय त्या सहांत सापडतो.

थिअरी यानंतर. हातात स्वतःची वही असताना वाचलेला निबंध मुलं भांडत वाचतात, आणि तसाच वाचला पाहिजे. गुणांपैकी निम्मे तरी वहीला द्यावेत, शेवटच्या शीटला नव्हे. ज्युरीत, म्हणजे डिझाइनच्या तोंडी परीक्षणात, कुणी ‘म्हणून मी इथे बाक दिला’ म्हणालं, तर वहीतली कुठली तारीख, कुठली वेळ, एवढंच विचारा आणि ते पान उघडायला सांगा.