लास व्हेगास: मंगळवारच्या खोल्या आणि मीड सरोवराचे पाणी

पुण्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांना लास व्हेगासची ओळख कॅसिनोंपेक्षा परिषदांमधून अधिक होते. ॲमेझॉनच्या क्लाउड विभागाची ‘री:इन्व्हेंट’ ही परिषद 2012 पासून तिथे भरते आणि तिच्या निमित्ताने मीही त्या शहरात जाऊन आलो आहे. मोहावीच्या वाळवंटात, जिथे वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे हजारो प्रतिनिधी एकाच आठवड्यात उतरतात, राहतात, जेवतात आणि एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलातल्या सत्राला जातात, हे पाहिल्यावर दोन प्रश्न मनात आले. परिषदा इथेच का भरतात, आणि इतक्या माणसांना पुरेल एवढे पाणी इथे येते कुठून? या दोन्ही प्रश्नांचा मी बराच पाठपुरावा केला, कारण या शहराविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात या दोन्ही गोष्टी सहसा नसतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आठवड्याच्या वारांत आहे. नेवाडा राज्याने जुगाराला 1931 मध्ये कायदेशीर मान्यता दिली. परंतु मौजेसाठी येणारा पाहुणा शुक्रवारी येतो आणि रविवारी परततो. सोमवार ते गुरुवार हॉटेलच्या खोल्या रिकाम्या राहिल्या, तरी कर्मचाऱ्यांचे पगार आणि कर्जाचे हप्ते चुकत नाहीत. प्रतिनिधी मात्र नेमका या मधल्या दिवसांत येतो आणि त्याचा खर्च बहुधा त्याची कंपनी करते. हे ओळखून 1955 मध्ये तिथे एक सार्वजनिक मंडळ स्थापन झाले, खोलीभाड्यावरील करातून त्याला उत्पन्न मिळू लागले आणि 1959 मध्ये चंदेरी घुमटाचे अधिवेशन केंद्र उभे राहिले. पाहुण्यांकडून मिळालेला पैसा पुढचे पाहुणे आणण्यासाठी वापरायचा ही रचना आजही कायम आहे आणि माझ्या मते शहराच्या यशाचे खरे श्रेय तिलाच द्यायला हवे.

हाच हिशेब वर्षाच्या दिनदर्शिकेलाही लागू होतो. ‘री:इन्व्हेंट’ नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या पाठोपाठ भरते आणि ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे ‘सीईएस’ प्रदर्शन, जे 1978 पासून लास व्हेगासमध्ये भरत आले आहे, ते नववर्षाची गर्दी ओसरताच जानेवारीत सुरू होते. दोन्ही वेळा एरवी मंदीच्या असतात. महासाथीच्या आधीच्या शेवटच्या ‘सीईएस’ला, म्हणजे जानेवारी 2020 मध्ये, सुमारे 1,70,000 लोक आले होते. एवढ्या लोकांना एकाच शहरात सामावून घेता येते, कारण तिथे सुमारे दीड लाख खोल्या आहेत, त्यांपैकी बऱ्याच एका लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि विमानतळही त्या रस्त्यापासून काही किलोमीटरवरच आहे. उद्योजक शेल्डन ॲडेल्सन यांनी ‘कॉमडेक्स’ हे संगणक प्रदर्शन 1979 मध्ये इथे सुरू केले, पुढे सँड्स हॉटेल विकत घेऊन त्याला जोडून खासगी प्रदर्शन केंद्र उभारले आणि 1999 मध्ये त्याच ठिकाणी ‘व्हेनिशियन’ उघडले. खोली, सभागृह आणि जेवण एकाच छताखाली देणारे ते हॉटेल पाहून इतरांनीही तोच मार्ग धरला.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लास व्हेगास ज्या खोऱ्यात वसले आहे, त्या खोऱ्याला लागणारे सुमारे 90 टक्के पाणी हूवर धरणामागच्या मीड सरोवरातून, म्हणजे कोलोरॅडो नदीतून येते. नदीच्या वाटपात नेवाडाच्या वाट्याला वर्षाला 3,00,000 एकर-फूट पाणी आले, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण 13 टीएमसी. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतील चार धरणांची एकत्रित साठवण सुमारे 29 टीएमसी आहे. तिच्या निम्म्याहूनही कमी पाण्यात वीस लाखांहून अधिक वस्ती आणि शिवाय येणारे सारे पाहुणे यांचे भागवायचे आहे.

ते भागते, कारण घरात आणि हॉटेलात, अगदी स्नानगृहात आणि स्वयंपाकघरात वापरलेले जवळजवळ सर्व पाणी शुद्ध करून लास व्हेगास वॉश या प्रवाहातून पुन्हा मीड सरोवरात सोडले जाते आणि जितके परत गेले तितके नव्याने उचलण्याची मुभा मिळते. म्हणून प्रतिनिधीने आंघोळीला किती बादल्या वापरल्या, याने फारसे बिघडत नाही. जे पाणी परत येत नाही ते हिरवळीत मुरते आणि इमारती थंड ठेवणाऱ्या कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन उडून जाते. प्रशासनाने पकडले ते नेमके हेच. हिरवळ काढणाऱ्याला चौरस फुटामागे रोख अनुदान मिळू लागले. स्वतंत्र घरांची हिरवळ वगळता केवळ शोभेच्या हिरवळीला नदीचे पाणी देण्यावर 2026 च्या अखेरपासून बंदी घालणारा कायदा 2021 मध्ये झाला. नव्या व्यावसायिक इमारतींत बाष्पीभवनावर चालणाऱ्या शीतकरणालाही 2023 पासून मनाई झाली. बेलाजिओ हॉटेलसमोरच्या कारंज्यांवर पाहुणे हमखास बोट ठेवतात; पण त्यांचे पाणी त्या जागी पूर्वी असलेल्या गोल्फ मैदानाच्या विहिरीचे आहे. सन 2002 नंतर खोऱ्याची लोकसंख्या लाखांनी वाढली, तरी नदीतून होणारी निव्वळ उचल घटली. आपल्या महानगरपालिकांनी हा अनुभव बारकाईने अभ्यासावा, असे मला मनापासून वाटते, कारण वापरलेले पाणी शुद्ध करून हिशेबात परत धरण्याची ही शिस्त पावसाळी प्रदेशालाही तितकीच उपयोगाची आहे.

परिषदांवर एवढे अवलंबून राहण्याचा धोका 2020 मध्ये दिसला. मार्चमध्ये कॅसिनो बंद झाले, परिषदा रद्द झाल्या आणि एप्रिलमध्ये नेवाडातील बेरोजगारीचे प्रमाण देशात सर्वाधिक होते. ‘सीईएस 2021’ पूर्णपणे ऑनलाइन झाले. खोल्या आवरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या आणि मेजवानीत वाढणाऱ्या कामगारांची तिथली ‘कलिनरी’ संघटना मोठी आणि बळकट आहे. काम गेलेल्या सदस्यांना मालकांनी पुन्हा कामावर बोलवावे, यासाठी तिला त्यानंतर झगडावे लागले.

आता चिंता उष्णतेची आहे. पाहुणे काही दिवस राहून परत जातात. कामगार बाराही महिने तिथेच राहतात. दिनांक 7 जुलै 2024 रोजी शहरात 48.9 अंश सेल्सिअस या विक्रमी तापमानाची नोंद झाली. तरीही ‘ब्लॅक हॅट’ आणि ‘डेफ कॉन’ या सायबर सुरक्षेच्या मोठ्या परिषदा ऑगस्टमध्येच भरतात, आणि त्यांना आपल्याकडचे अनेक जण जातात. प्रतिनिधी थंड सभागृहात बसलेला असतो, तेव्हा त्या सभागृहाचे सामान ट्रकमधून उतरवणारे, मांडव ठोकणारे आणि दारापाशी गाड्या लावणारे लोक उन्हात असतात. नेवाडाने नोव्हेंबर 2024 मध्ये उष्णतेपासून कामगारांचे संरक्षण करणारे नियम मंजूर केले आणि दहापेक्षा जास्त कामगार असलेल्या मालकांना कामातील उष्णतेच्या धोक्याचे मूल्यमापन करणे बंधनकारक केले. उन्हाळी परिषदेसाठी करार करणाऱ्या आयोजकांनी सभागृहाचे भाडे ठरवतानाच या नियमांच्या अंमलबजावणीची विचारणा करावी आणि मांडणीची कामे रात्री ठेवावीत. त्यासाठी तिकिटाचे दर थोडे वाढले तरी मला ते मान्य आहे.