आमची वाटचाल: हातोडा पडण्याआधीची पाहणी

जुन्या घराचं नूतनीकरण सुरू होण्याआधी तिथे ॲस्बेस्टॉस (पत्रे, पाइप, टाइल यांत घातलेलं तंतुमय खनिज, ज्याचे तंतू श्वासातून आत गेले तर कर्करोग होऊ शकतो) कुठे कुठे असू शकेल हे शोधून देणं, एवढंच आमच्या फर्मचं काम. आम्ही पत्रे उतरवत नाही, पाइपांवरचं आवरण काढत नाही, नवं छतही बसवत नाही. ही हद्द आम्ही पहिल्यापासून आखून घेतली. काढण्याच्या कामात ज्याची कमाई आहे त्यानेच 'हे काढायलाच हवं' म्हटलं, तर घरमालकाच्या मनात शंका येणारच.

मी या कामात आले ती नूतनीकरणाच्याच धंद्यातून. साइटवर देखरेख करायचे तेव्हा बाथरूम फोडणं, जुनी फरशी उखडणं, भिंतीला ड्रिल मारणं हे रोजचंच होतं. धूळ उडाली की माणसं तोंडाला फडकं बांधायची आणि काम पुढे चालू. ॲस्बेस्टॉसबद्दल वाचायला लागले तेव्हा त्या फडक्याचा काही उपयोग नाही हे कळलं. हवेतले जे तंतू मोजले जातात ते ३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक असतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या तुलनेत काहीच नाहीत. त्यांना वास नाही, घशात खवखव नाही, आणि मेसोथेलिओमासारखा (फुप्फुसांभोवतीच्या आवरणाचा) कर्करोग उमटतो तो बहुतेक वेळा २० ते ४० वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा. १९६० साली वॅग्नर या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत ॲस्बेस्टॉसच्या खाणीत कधीच काम न केलेली, नुसती त्या परिसरात राहिलेली माणसंही होती. ते वाचल्यावर कामगारांच्या कपड्यांवरून त्यांच्या घरी जाणारी धूळ माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या फर्मचं मूळ तिथे आहे.

सुरुवातीच्या ग्राहकांना एकच उत्तर हवं असायचं: आहे की नाही? ते नुसतं बघून देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ॲस्बेस्टॉस घातलेला सिमेंटचा पत्रा आणि सेल्युलोजचे तंतू घातलेला नवा पत्रा शेजारी ठेवले, तर लांबून दोन्ही सारखेच करडे. तुटलेल्या कडेला भिंगाखाली तंतूंचे झुबके दिसले तर संशय बळावतो, मागच्या बाजूला कारखान्याचा छाप सापडला तर थोडी मदत होते. पण पक्कं उत्तर प्रयोगशाळेत, नमुना ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच मिळतं. मग डोळ्यांनी करायच्या पाहणीचा उपयोग काय? नमुना कुठून घ्यायचा, कुठल्या खोलीत अजिबात हात लावायचा नाही आणि कोणत्या भिंतीची काळजी नको, हे त्या पाहणीतूनच ठरतं.

नजर तयार व्हायला मात्र वेळ लागतो. छताचे पन्हळी पत्रे, पावसाच्या पाण्याचे पाइप, पाण्याची टाकी या जागा कुणालाही सुचतात. सहज सुटतात त्या वेगळ्याच: फ्यूज बोर्डामागचा पातळ तक्ता, जुन्या शेगडीच्या दाराची दोरी, हीटरमागचा बोर्ड, छतावरचा खरबरीत नक्षीचा लेप. फरशीचं तर वेगळंच असतं. वरून नवं व्हिनाइल अंथरलेलं असतं, आणि घरमालक खात्रीने सांगतात की खाली काही नाही. अशा वेळी आम्ही भिंतीतलं कपाट उघडतो आणि खालचा कप्पा रिकामा करायला सांगतो. नवी फरशी टाकणारे बहुधा कपाटाच्या आत शिरलेले नसतात. टॉर्च मारला की तिथे जुन्या टाइल दिसतात, बऱ्याचदा ९ इंची चौकोनी, एखादीचा कोपरा उचकटलेला आणि त्याखाली डांबरासारखा काळा गोंद. टाइल आणि गोंद, दोन्हींत ॲस्बेस्टॉस असू शकतं. तिथे ग्राइंडर लावायचा बेत असेल तर तो त्याच क्षणी थांबवावा लागतो.

घर कधी बांधलं हे आम्ही आधी विचारतो, पण त्यावर सगळं सोपवत नाही. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर (सर्वांत जास्त वापरला गेलेला प्रकार) १९९९ साली बंदी आली, ऑस्ट्रेलियात २००३ संपताना, युरोपीय संघात २००५ पासून. काही देशांत पांढरं ॲस्बेस्टॉस आजही वापरात आहे. शिवाय घर एका वर्षी बांधलं तरी डागडुजी पुढे कित्येक वर्षं चालते.

घाबरवणं आम्हाला कधीच पटलं नाही. पत्रा शाबूत आहे, त्याला धक्का लागणार नाही आणि तिथे काही काम निघालेलं नाही, तर 'आहे तसा राहू द्या, अधूनमधून बघत जा' हाच आमचा सल्ला असतो. पाइपांभोवतीच्या भुसभुशीत आवरणाची गोष्ट निराळी. ते बोटाने चुरगळतं, म्हणून तिथे आम्ही नमुनासुद्धा त्यातल्या प्रशिक्षित माणसालाच घ्यायला लावतो.

आमच्या अहवालाचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटणारा भाग म्हणजे 'पाहता न आलेल्या जागा'. बंद पोटमाळा, टाइलने मढवलेली भिंत, पाइपांभोवतीची पेटी, प्रत्येक जागा नाव घालून लिहिलेली. सुरुवातीला ग्राहकांना हे पान खटकायचं. पैसे मोजून 'दिसलं नाही' का वाचायचं, असं एक ठेकेदार तोंडावर म्हणाला होता. आम्ही ते पान काढलं नाही. तोडफोड करणारा माणूस याच न पाहिलेल्या जागांत हातोडा घालणार असतो, आणि अहवालात त्या जागेचा उल्लेखच नसला की त्याला वाटतं तिथे काही नाही. आता बरेच ठेकेदार आधी तेच पान मागतात.

त्यातूनच आमचं दुसऱ्या फेरीचं काम उभं राहिलं. भिंत किंवा छत उघडताना आत करडा तक्ता, पांढरट आवरण असं काही दिसलं की काम थांबवायचं, झाडू मारायचा नाही, घरातला व्हॅक्यूम लावायचा नाही, दार ओढून घ्यायचं आणि आम्हाला फोन करायचा, हे आम्ही काम सुरू होण्याआधी प्रत्यक्ष हत्यार चालवणाऱ्या माणसांसमोर उभं राहून सांगतो, घरमालकही तिथे असतात. थांबलेल्या कामाचा खर्च कुणाचा, हेही त्याच बैठकीत लेखी ठरतं. ते ठरलेलं नसेल तर फोन येत नाही, हा आमचा अनुभव आहे.