तुम्ही विचारलंत म्हणून: ती भुताची एकांकिका मी परत का बसवत नाही

गणपती जवळ आले की प्रश्न येतोच. मंडळाची पोरं विचारतात, जुने प्रेक्षक मिसळ खाताना विचारतात, "सर, ती भुताची विनोदी एकांकिका परत कधी?" काहींना वाटतं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासून माझं मन उडालं. नाही. मी त्याच्या पाच वर्षं आधीच थांबलोय. "सरांना आता विनोद सोसत नाही" असं माझ्या माघारी बोलतात, तेही खरं नाही. म्हणून एकदाच नीट सांगतो.

एकांकिका तुम्ही बघितलीय. फक्त मोबाईलवाला पोरगा आठवा. मागं हडळ उभी आणि हा सेल्फीसाठी चांगला उजेड शोधतोय. सगळ्यात आधी तो मरायचा आणि सगळ्यात मोठा हशा त्याच्याच मरणावर यायचा.

हे पात्र मी शोधलेलं नव्हतं. भुताच्या विनोदी सिनेमात ते तयारच होतं. 'गो गोवा गॉन'मध्ये (२०१३) तीन पोरं बेटावरच्या पार्टीला जातात आणि झोंबींच्या तावडीत सापडतात. पुढं आलेल्या 'बॉडीज बॉडीज बॉडीज' (२०२२) या इंग्रजी सिनेमात तर शेवटी कळतं की खुनी कुणीच नव्हता. पहिला पोरगा मोबाईलवर व्हिडिओ करताना तलवारीनं बाटली उघडायला गेला आणि स्वतःच मेला. बाकीची पोरं एकमेकांवरच्या संशयापायी गेली. तो बघताना मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

यात लिहिणाऱ्याची एक अडचणही असते. भीतीच्या गोष्टीत मोबाईल फार आडवा येतो. एक फोन लागला की गोष्ट संपली. म्हणून रेंज घालवायची, बॅटरी संपवायची, आणि नाहीतरी फोन हातात आहेच तर त्यावरच हशा काढायचा. मी तेच केलं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. आमच्या शाहूपुरीत लाईट नाही, नळाला पाणी नाही, कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती भिजत होत्या. मी कमरेएवढ्या पाण्यातून एका ओळखीच्या घरातलं सामान वर चढवत होतो. समोरच्या जिन्यावर आमचाच पोरगा उभा दिसला. एकांकिकेत मोबाईलवाल्याचं काम करायचा, तोच. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीच्या तोंडाला रबर, हात उंच, आणि गल्लीचं शूटिंग चाललेलं.

माझं डोकं फिरलं. "माणसं बुडायला लागल्यात आणि तू व्हिडिओ काढतोस?" असं ओरडत जिन्यावर गेलो आणि त्याच्या हातावर फटका मारला. फोन पाण्यात पडला. पिशवी क्षणभर तरंगली, मग बाजूनं पाणी शिरलं आणि खाली गेली.

तो मला उलट बोलला नाही. पाण्याकडं बघत एवढंच म्हणाला, "सर, पिवळ्या बिल्डिंगीत आजी हाय. चालता येत न्हाई. नाववाल्यास्नी गल्ली दावायलोतो."

नाव दुसऱ्याच गल्लीत शिरली. आजी आणखी तीन तास पहिल्या मजल्यावर बसून राहिली. वाचली. पण ते तीन तास माझे आहेत.

मी त्या पोराला चार वर्षं ओळखत होतो. तालमीला तो सगळ्यांच्या आधी यायचा, सतरंज्या घालायचा. तरी त्या जिन्यावर मला तो दिसलाच नाही. मला माझं पात्र दिसलं.

माझ्यातला जुना लेखक अजून भांडतो. म्हणतो, चूक तुझ्या रागाची, नाटकाला का शिक्षा? 'झपाटलेला' बघून कुणी घरातल्या बाहुल्या फेकल्या का? मी म्हणतो, बाहुल्या गल्लीत राहत नाहीत, पोरं राहतात. मग तो विचारतो, पूर बघायला आणि सेल्फी काढायला माणसं आली नव्हती का? आली होती, मी डोळ्यांनी बघितली. पण त्यात माझ्या वयाचेही होते, आणि माझ्या एकांकिकेत माझ्या वयाचा माणूस फक्त शहाणपण सांगायचा. इथं त्याला उत्तर सुचत नाही, पण तो गप्पही बसत नाही.

'मुंज्या' (२०२४) बघताना मात्र मी सावरून बसलो. त्यातला बिट्टू भित्राच आहे. पण त्याच्या मानगुटीवर बसलेला हट्ट आजीच्या पिढीतला आहे, पोरानं स्वतः ओढवून घेतलेला नाही. असं मला लिहिता आलं असतं तर? दोनदा बसलो लिहायला. दोन्ही वेळा मोबाईलवाला पोरगा पहिल्याच प्रवेशात आला आणि माझ्याकडून त्याच्यावर विनोद झाला. वही मिटली.

फोनचे पैसे मी दिले होते, त्यानं घेतले नाहीत. आता तो पुण्यात नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत घरी आला होता. हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सर, बसवा की परत. काम मीच करतो. हशा लई भारी यायचा."