अठ्ठावन्नला अजून वेळ आहे

९ एप्रिल, रात्री

मार्चएंड संपला, पण अंगातनं अजून उतरलेला नाही. सकाळी आमच्या हळदीच्या पेढीत टेबलावर पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालविक्रीच्या हिशोबांचा, गठ्ठा येऊन पडला. वरची पट्टी पलूसकडच्या एका शेतकऱ्याची. ती हातात घ्यायच्या आधीच पुढचं सगळं मला ठाऊक होतं. हमाली किती, तोलाई किती, आधी घेतलेली उचल वजा जाऊन हातात काय पडणार. तो म्हणणार, "दिवाणजी, उचल तेवढी पुढच्या पट्टीत धरा की." मी धाकट्या मालकांच्या केबिनकडं बोट दाखवणार. तो तिकडं बघणार आणि "ऱ्हाऊ दे मग" म्हणून पैसे मोजायला घेणार. शब्दाला शब्द तसंच झालं.

महिना म्हणजे माझ्यासाठी चार तारखा आहेत. ७ ला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीचा विक्रीचा रिटर्न, जीएसटीआर वन, १५ ला पीएफ, २० ला जीएसटी भरायचा रिटर्न, थ्रीबी. या चार खुंट्यांना महिना टांगलेला असतो. विसावी गेली की दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा सातवी दिसायला लागते.

वय ४७, निवृत्ती अठ्ठावन्नला. काम जड नाही. मालक माणूस म्हणून वाईट नाहीत, पगार वेळेवर होतो. तरी सकाळी गाडीला किक मारताना हात जड होतो, हे खरं.

१० एप्रिल

आमराईत फिरायला गेलो होतो. तिथं निवृत्त मंडळींचा एक कट्टा आहे. मला बघितलं की एकजण हमखास विचारतात, "किती राहिली तुमची?" जेलमधल्या माणसाला विचारावं तसं. आज म्हटलं, "अकरा." त्यावर दुसरे म्हणाले, "जातील हो, बघता बघता." हे वाक्य ज्यांची गेलीत तेच म्हणतात.

दुपारी पीएफचं पासबुक मोबाईलवर उघडून बसलो. इतरांचे चलन दर महिन्याला मीच भरतो, पण स्वतःचा हिशोब कधी नीट मांडला नव्हता. पेन्शनचं सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. खरा पगार कितीही असो, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० च धरायचे. त्याच्या आधीच्या वर्षांना ६,५०० ची मर्यादा. मी २००४ पासून या पेढीत. वीस वर्षांच्या वर सेवा म्हणून दोन वर्षं जादा मिळतात, तीही धरली. अठ्ठावन्नाव्या वर्षी महिन्याला सहा हजारांच्या आसपास. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्क्यांची कात्री.

सहा हजारात आजच्या सांगलीत काय होतं ते लिहीत बसत नाही. पीएफची शिल्लक आहे, पण घराचं कर्ज आणि पोरीचं शिक्षण तिच्याकडं आत्तापासूनच डोळे लावून बसलेत. पोरगी यंदा सीईटी देतेय. इथल्या वालचंद कॉलेजला लागली तर घरून जाऊन-येऊन होईल, पुण्याला गेली तर वेगळा हिशोब. म्हणजे अठ्ठावन्नलाही मी खरा सुटणार नाहीच. कुठंतरी अर्धवेळ खाती लिहीत बसलेला असेन. मेहुणा शिक्षक आहे, त्याला वाटतं खाजगीतल्यांचेच हाल. तो स्वतः २००६ ला लागला. नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, याला नाही. २०२३ च्या मार्चमधल्या जुन्या पेन्शनच्या संपात तोही घोषणा देत होता. म्हणून त्याच्याशी या विषयावर बोलायचं नाही, जेवण गार होतं.

मोबाईलवर हल्ली चाळिशीत निवृत्त झालेल्यांचे व्हिडिओ येतात. एवढे गुंतवा, तेवढे काढा. त्यातल्या एकाच्याही घरात बारावीची पोरगी दिसत नाही.

१४ एप्रिल

आज सुट्टी. पंखा घरघर करतोय, बाहेर ऊन मी म्हणतंय. एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती लिहून ठेवतो.

या नोकरीत मला कंटाळा कधी आला नव्हता, ते आठवत होतो. २००५. एप्रिलमध्ये सेल्स टॅक्स जाऊन व्हॅट आला. दिवसा पेढी, रात्री ती नवी पुस्तकं. मग जुलैअखेर पूर आला आणि हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. जमिनीखालच्या त्या पेवांतनं भिजलेली हळद बाहेर निघत होती, कुणाची किती, कुठल्या पेवातली, याची यादी करायला मला पाठवलेलं. गुडघाभर चिखल, कुजका वास, शेतकऱ्यांचे चेहरे बघवत नव्हते. वाईट दिवस होते. पण कंटाळा? नाव नाही.

दुसरं २०१७. १ जुलैला जीएसटी लागू झाला. ओली हळद माफ, वाळलेलीवर ५ टक्के, आणि मार्केट यार्डातला प्रत्येकजण दुसऱ्याला विचारतोय की आपण नक्की कशात बसतो. पोर्टल रात्री अकराला जरा चालायचं. मी पेढीतच जेवायचो. बायको वैतागलेली. आणि मी? मी ताजातवाना. शेजारच्या पेढ्यांचे दिवाणजी मला विचारायला यायचे, आणि निम्म्या वेळा मलाही माहीत नसायचं, मग आम्ही मिळून शोधायचो.

म्हणजे दमलो तेव्हा कंटाळलो नव्हतो, आणि आता दमत नाही तर कंटाळलोय. मला सगळं येतं, तिथंच घोडं अडलंय. पेढीत काहीही अडलं तरी "दिवाणजींना विचारा". उत्तर माझ्याकडं असतंच, त्यामुळं दुसरं कुणी शोधत नाही. आमच्याकडं बीकॉम झालेली एक पोरगी आहे, चांगली हुशार आहे, पण तीन वर्षं ती व्हाउचरच टाकतेय. कारण रिटर्न मी भरतो. अकरा वर्षं उरलीत यापेक्षा त्या अकरा वर्षांत मला न येणारं काहीच समोर येणार नाही, याचीच मला धास्ती असावी.

लोक म्हणतात छंद लावून घ्या. बासरी आणा, बागकाम करा. करतील बापडे. दिवसाचे दहा तास जिथं जातात तिथं काही हललं नाही, तर रविवारच्या बासरीनं काय होणार?

१८ एप्रिल

आज मी सौद्याच्या वेळी टेबल सोडून खाली गेलो. इतकी वर्षं हळदीचा पैसा लिहिला, पण हळद मला कळत नाही. कागदावर कळते: क्विंटल, दर, रक्कम. आमच्याकडं माल बघायला एक मामा आहेत, साठीचे. त्यांना म्हटलं, मला दाखवा. ते हसले. "आता? ह्या वयात?"

पोत्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. वरचा माल बघायचा नसतो, तो सगळेच चांगला लावतात. तळातनं एक हळकुंड काढलं, दोन्ही अंगठे मध्ये लावले आणि मोडलं. कट्‌ असा कोरडा, धातूसारखा आवाज. "ऐकलासा? ही वाळलीया." आतला रंग गर्द नारिंगी पिवळा. मग दुसऱ्या पोत्यातलं मोडलं, ते नुसतंच वाकून चिरलं. आत ओल आहे, दर कमी. मला म्हणाले, मोडा. माझ्या हातातलं हळकुंड मोडलंच नाही. अंगठा दुखला. हमाल खदखदून हसले, आणि खरं सांगतो, मला मजा आली.

मग मामांनी राजापुरी आणि सेलम या हळदीच्या दोन जातींचा ढीग शेजारी शेजारी केला आणि डोळे मिटून हातानं ओळखायला लावलं. अजून येत नाही.

वर आलो तर धाकटे मालक उभे. "थ्रीबी परवा आहे ना?" म्हटलं, "होय. यावेळी ती पोरगी भरेल, मी बसेन शेजारी." त्यांचं तोंड उतरलं. चुकलं तर दंड कुणी भरायचा, वगैरे. शेवटी म्हणाले, सीझन संपू दे, मे नंतर बघू. मी म्हटलं, मे नंतर हळद कुठली येणार मला शिकायला? त्यावर ते काही बोलले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. तिला मी उद्या लवकर बोलावलंय.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "पगार वाढणार आहे का त्यानं?"

"नाही."

"मग त्या पोत्यात हात घालायचा असेल तेव्हा जुना शर्ट घालून जा. साबण लागला की हळद लाल होते, अख्खी बादली रंगते. परवाच पोरीचा पांढरा ड्रेस काढलाय त्यातनं."