बायका नाही, माणसं मोजा

नाशिकला अंबडच्या आमच्या कंपनीत यंदा साहेबांच्या केबिनला नवा एसी आला. पाळणाघराचं विचारलं की एचआरवाले म्हणतात, "मॅडम, बायका आहेतच किती?"

बायका मोजायच्या त्या 1948 च्या कारखाना कायद्यात, 30 पेक्षा जास्त असल्या तर पाळणाघर सक्तीचं. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि अट 50 कर्मचाऱ्यांची झाली. कर्मचाऱ्यांची, बायकांची नव्हे! 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आकडा तोच. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं, विश्रांतीची सुट्टी त्यातच धरून. शिवाय स्वतंत्र पाळणाघर परवडत नसेल तर सामाईक सोयही चालते. म्हणजे आमच्या गल्लीतल्या कंपन्यांनी मिळून एक खोली घेतली तरी भागेल.

तूर्त लेक सिडकोत सासूबाईंकडे. त्यांचे गुडघे धरलेले, आणि ही जिना दिसला की सुटते. दुपारी घरून फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो.

नवरा सातपूरला नोकरीला. त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही, "मूल कुठे ठेवता?"

अर्ज लिहून तयार आहे. सोमवारी सह्या घेणार, आधी पुरुषांच्या.